आणा, पै आणि नवा पैसा

नागपूरच्या महाल भागाला ज्या राजवाड्यावरून नांव मिळालें, तो भोसल्यांचा वाडा १८६४ सालीं आगींत जळून गेला. वाड्याचें वैभव गेलें. परंतु त्याच्या आश्रयानें वसलेलीं कारकुनी पेशाचीं घराणीं आसपासच्या गल्ल्यांतूनच राहिलीं, आणि त्यांच्याबरोबर त्यांची एक जुनी विद्याहि राहिली. ती विद्या हिशेबाची. मराठी मुलुखांतील इतर शहरांप्रमाणेंच येथेंहि दिवेलागणीच्या वेळीं घराघरांतून मुलांचा परवचा ऐकूं येत असे. पाढे झाले कीं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी. सात औट साडेचोवीस हें ज्या मुलाला झोपेंतहि म्हणतां येई, त्याला बाजारांत कोणी फसवूं शकणार नाहीं, अशी घरांतल्या वडील माणसांची खात्री असे.

१ एप्रिल १९५७ रोजीं या विद्येचा मोठा भाग एका दिवसांत निकामी झाला. त्या दिवशीं रुपयाचे सोळा आणे कायद्यानें संपले आणि शंभर नवे पैसे सुरू झाले. सुधारणा योग्य होती, याविषयीं आज कोणी वाद घालणार नाहीं. पण ती सुधारणा घरांत येतांना कोणाच्या पदरांतून काय घेऊन गेली, हा प्रश्न त्या वेळीं सरकारी पत्रकांपेक्षां भाजीच्या टोपलीपाशीं अधिक बोलला गेला, आणि तो प्रश्न इतिहासानें टाकून द्यावा इतका क्षुल्लक नाहीं.

नागपुरास चलन बदलण्याचा हा पहिलाच अनुभव नव्हता. भोसल्यांच्या राज्यांत नागपुरी रुपया चाले. शेजारच्या मुलुखांतून निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये येत, आणि एका रुपयाचा दुसरा करून देतांना सराफ आपला बट्टा कापून घेई. कंपनी सरकारनें १८३५ च्या कायद्यानें १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया आपल्या मुलुखासाठीं ठरविला, तेव्हां नागपूर अजून भोसल्यांचेंच होतें. तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजीं निपुत्रिक वारले. दत्तक नाकारून १८५४ मध्यें राज्य खालसा करण्यांत आलें, आणि त्यानंतर कंपनीच्या रुपयानें नागपुरी रुपयाला हळूहळू बाजारांतून बाहेर काढलें. त्या फेरफारांत राज्य गेलें, शिक्का गेला. पण घरांतली गणनेची रीत मात्र शाबूत राहिली. रुपया कोणाचाहि असो, हिशेबांत त्याचे भाग सोळाच. जो घोटाळा झाला तो सराफाच्या तागडींत झाला. घरांतल्या कोणाला पाढे नव्यानें शिकावे लागले नाहींत. १९५७ चा बदल नेमका याच्या उलट होता. रुपया तोच राहिला, त्याचें पोट मात्र बदललें.

सोळा आण्यांची रीत कागदावर मांडली कीं वेडीवांकडी दिसते. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयांत चौसष्ट पैसे आणि एकशेंब्याण्णव पै. तीन रकान्यांची बेरीज करतांना एका ठिकाणीं बारांनीं भागावें, दुसऱ्या ठिकाणीं सोळांनीं. त्यांत पैचें नाणें १९४२ नंतर पाडलेंहि गेलें नव्हतें. हातांत न येणाऱ्या नाण्याचा रकाना वहींत मात्र जिवंत होता. एम्प्रेस मिल १८७७ सालीं नागपुरांत सुरू झाली. तेथल्यासारख्या मोठ्या गिरणींतील शेंकडों मजुरांचें पगारपत्रक ज्या कारकुनाला करावें लागे, त्याला या रकान्यांचें कौतुक असण्याचें कारण नव्हतें.

परंतु ही रीत कागदासाठीं जन्मलीच नव्हती. ती तोंडी हिशेबासाठीं होती. सोळाचे निम्मे आठ, आठाचे चार, चाराचे दोन, दोहोंचा एक. चार वेळां निम्मे केलें तरी अपूर्णांक येत नाहीं. शंभराचे दोनदां निम्मे करतां येतात, तिसऱ्या वेळीं साडेबारा होऊन गाडी अडते. शिवाय वजनाचें आणि नाण्याचें गणित एकमेकांशीं जुळलेलें होतें. ऐंशीं तोळ्यांच्या शेराच्या सोळा छटाका; म्हणून जितके रुपये शेर, तितके आणे छटाक. मणाचे शेर चाळीस. म्हणून दहा रुपये मण म्हणजे चार आणे शेर, आणि पांच रुपये मण म्हणजे दोन आणे शेर. रोजचा एक आणा म्हणजे तीस दिवसांचे दोन रुपयांना दोन आणे कमी. असे कितीतरी आडाखे स्वयंपाकघरांत आणि दुकानाच्या पायरीवर बसल्या बसल्या चालत. त्यांना पाटी लागत नसे, पेन्सिल लागत नसे. ज्या बायकांना शाळेचा उंबरठा ओलांडूं दिला गेला नव्हता, त्यांनाहि ते येत. महिन्याच्या पगारांत घर चालविणाऱ्या गृहिणीचें खरें संरक्षण हेंच होतें, वजनेंमापें तपासणारा सरकारी अधिकारी नव्हे.

लिहिण्याची खूणहि तशीच सुटसुटीत. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. त्यांच्या सोबतीच्या आडव्या तिरप्या रेघा म्हणजे आणे. तीच उभी रेघ रुपयापुढें आली तर चार आणे, शेरापुढें आली तर पावशेर. मोडींत वही लिहिणाऱ्याचा हात या रेघा मारतांना कागदावरून उठतहि नसे. नव्या रीतींत दशांशचिन्ह आलें आणि त्याच्या मागोमाग शून्याचें महत्त्व आलें. पांच नवे पैसे लिहितांना टिंबापुढें शून्य द्यावयाचें राहिलें तर त्याचे पन्नास होतात. जुन्या रीतींत एक रेघ विसरली तर चार आण्यांची चूक होई, ही गोष्ट खरी. पण ती चूक डोळ्यांना ओळखीची होती. न लिहिलेलें शून्य डोळ्यांना दिसत नाहीं.

दशमान नाण्याची कल्पना नवी नव्हती. अमेरिकेनें ती १७९२ मध्यें स्वीकारली होती, आणि हिंदुस्थानांत १९४६ सालीं तसें विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळापुढें येऊन तसेंच राहिलें होतें. स्वातंत्र्यानंतर १९५५ मध्यें नाण्यांच्या कायद्यांत दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा दिवस ठरला. नागपूरकरांच्या दृष्टीनें हा मुहूर्त मोठा विचित्र होता. अवघ्या पांच महिन्यांपूर्वीं, १ नोव्हेंबर १९५६ रोजीं, नागपूर मध्यप्रदेशाची राजधानी राहिलें नव्हतें. तें द्विभाषिक मुंबई राज्यांत गेलें होतें. सचिवालय उठलें होतें, कांहीं कारकून भोपाळला, कांहीं मुंबईला निघाले होते. मागें राहिलेल्यांना आपली कचेरी कोणती आणि वरिष्ठ कोण हें समजतें न समजतें तोंच रुपयाचे किती पैसे हेंहि नव्यानें शिकणें आलें.

नवीं नाणीं सुबक होतीं. एकाचें नाणें कांशाचें आणि वाटोळें, दोहोंचें कंगोऱ्यांचें, पांचाचें चौकोनी, दहाचें पुन्हां कंगोऱ्यांचें. एका नव्या पैशावर 'रुपये का सौवाँ भाग' असें हिंदींत कोरलेलें होतें. दहाच्या नाण्यावर 'दसवाँ भाग'. नाण्यानें आपला अर्थ आपणच सांगावा, ही कल्पना चांगली होती; मात्र ती वाचतां येणाऱ्यांपुरती. ज्यांना अक्षर येत नव्हतें ते नाणें बोटांनीं ओळखत, आणि बोटांचा गोंधळ उडाला. जुनी चवली चौकोनी होती आणि नवें पांच पैशांचेंहि चौकोनी; जुना आणा कंगोऱ्यांचा होता आणि नवें दहाचेंहि कंगोऱ्यांचें. जुनीं नाणीं लगेच रद्द झालीं नव्हतीं, तीं कांहीं काळ नव्यांच्या जोडीनें चालत राहिलीं. त्यामुळें एकाच कनवटीला दोन जातींचीं नाणीं राहूं लागलीं. नागपुरांत त्यांतहि एक जुना घोळ होताच. मराठी माणसाची चवली दोन आण्यांची आणि हिंदी बोलणाऱ्याची चवन्नी चार आण्यांची. त्या दोहोंमध्यें आतां साडेबारा आणि पंचवीस येऊन बसले.

खरी मेख होती ती अपूर्णांकांत. सोळा आण्यांचे शंभर नवे पैसे, तर एका आण्याचे सव्वासहा. सव्वासहाचें नाणें असूं शकत नाहीं. म्हणून कायद्यानें नियम घालून दिला: एका व्यवहारांत जेवढीं जुनीं नाणीं दिलीं जातील, त्यांचें मिळून मोल जवळच्या नव्या पैशापर्यंत धरावें, वरचा आणि खालचा पैसा सारख्याच अंतरावर असतील तर खालचा धरावा. यावरून कोष्टक तयार झालें. एक आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस, चारांचे पंचवीस. आण्याच्या आंत पाहिलें तर एका जुन्या पैशाचे दोन, दोहोंचे तीन, तिहींचे पांच.

या कोष्टकांत कायद्याची लबाडी कोठेंहि नाहीं. चार आण्यांच्या पुढें तें पुन्हां पुन्हां जागेवर येतें; चार आणे, आठ आणे, बारा आणे यांच्याशीं कोणाचेंच नुकसान नाहीं. परंतु संसार चार चार आण्यांच्या ढिगांनीं चालत नसे. समजा, कोथिंबिरीची जुडी एक पैशाला आहे. पूर्वीं रुपयांत अशा चौसष्ट जुड्या येत. एका पैशाचे दोन नवे पैसे धरले कीं त्याच रुपयांत पन्नास येतात. चौदा जुड्या कोठें गेल्या? त्या कोणी चोरल्या नाहींत. त्या जवळच्या पूर्णांकांत गेल्या. उलट दोन दोन आण्यांची वस्तु घेणाऱ्याला रुपयांत पूर्वींप्रमाणेंच आठ वस्तु मिळून वर चार नवे पैसे शिल्लक राहतात. थोडक्यांत, जो मोठ्या मापानें घेतो त्याला किंचित् लाभ, आणि जो रोज पैशापैशाचें घेतो त्याला रुपयामागें साडेतीन आण्यांची खोट. कायद्याच्या 'एका व्यवहारांत' या दोन शब्दांत सारा न्याय होता. चारी जुड्या एकदम घेतल्या तर त्यांचे सहा नवे पैसे, चार दिवस एकेक घेतली तर आठ. पण ज्या घरांत रोजची कमाई रोज येते, त्या घरानें चार दिवसांची कोथिंबीर एकदम कशी घ्यावी?

त्या काळीं नव्या पैशाला नांवें ठेवणाऱ्यांना अडाणी आणि जुनाट म्हणण्याची रीत पडली होती. त्यांतल्या कांहींना तें नांव शोभतहि असेल. तथापि एक पैशाच्या खरेदींत कुरकुर करणारी बाई गणितांत चुकत नव्हती. तिला तोटा होत होता आणि तो तिला बरोबर कळत होता. तो तोटा आणा सव्वासहाचा आहे हें दाखविणाऱ्या सरकारी तक्त्यांत दिसण्यासारखा नव्हता इतकेंच. इंग्लंडनें १५ फेब्रुवारी १९७१ रोजीं आपल्या २४० पेनींच्या पौंडाचे शंभर नवे पेन्स केले, तेव्हां अर्ध्या नव्या पेनीचेंहि नाणें काढलें आणि १९८४ पर्यंत तें चालविलें. आपल्याकडे अर्ध्या नव्या पैशाचें नाणें निघालें नाहीं. तें निघतें तर एका जुन्या पैशाचा दीड नवा पैसा झाला असता, आणि रुपयांत पन्नासांऐवजीं सासष्ट जुड्या आल्या असत्या. इतक्या हलक्या नाण्याची टांकसाळीला पडणारी किंमत त्याच्या मोलापेक्षां जास्त झाली असती, असें म्हणतां येईल. म्हणजे तो खर्च कोणी तरी सोसावयाचाच होता. तो टांकसाळीनें सोसला नाहीं.

टपालाची गोष्ट आणखी निराळी. पाकिटाला दोन आणे पडत. कोष्टकाप्रमाणें दोन आण्यांचे बारा नवे पैसे. पण टपालखात्यानें त्याच दिवशीं नवा दर केला तेरा नवे पैसे, आणि भारताच्या नकाशाचें चित्र असलेल्या नव्या तिकिटांत तेरा पैशांचें तिकीट काढलें. खरी किंमत साडेबारा. लोकांकडून घेतांना साडेबाराचे तेरा, आणि लोकांची चवली मोजतांना साडेबाराचे बारा. दोन्ही गोष्टी नियमाला धरून होत्या: एक दराचा नियम होता, दुसरा नाण्याचा. पण खिडकीबाहेर चवली हातांत घेऊन उभ्या असलेल्या माणसाला हा भेद पटवून देणें कोणत्याहि पोस्टमास्तराला सोपें नव्हतें.

याहूनहि नाजूक बाब कर्जाची होती. व्याजाचा एक जुना बोलीचा दर असे: रुपयास दरमहा पैसा. रुपयाचा चौसष्टावा भाग दरमहा, म्हणजे शंभरास महिन्याला एक रुपया नऊ आणे आणि वर्षाला अठरा रुपये बारा आणे. आतां 'पैसा' या शब्दाचाच अर्थ बदलला. तोच बोल नव्या पैशानें वाचला तर वर्षाला शेंकडा बाराच होतात. ऋणको तसें म्हणूं शकेल. सावकारानें कोष्टक पुढें करून एका पैशाचे दोन नवे पैसे केले तर शेंकडा चोवीस होतात. दोघांच्याहि तोंडीं शब्द तोच, आणि मध्यें दुपटीचें अंतर. कायद्याचा नियम हातांत दिलेल्या नाण्यांपुरता होता, व्याजाच्या दराला तो लावण्याचें कारण नव्हतें. शंभरावर व्याज काढून मग एकूण रक्कम बदलली तर कोणाचेंच नुकसान होत नाहीं. पण हें समजण्यासाठीं अपूर्णांकांचा गुणाकार यावा लागतो, आणि कर्ज काढणाऱ्याला तो येतो असें सावकारीच्या इतिहासांत क्वचितच दिसतें. नाण्यावर 'नया' हा शब्द १९६४ पर्यंत ठेवला गेला, त्याचें मोल अशा जागीं कळतें.

व्यापाऱ्यांची अडचण वेगळी. महालांतल्या आणि इतवारींतल्या पुष्कळ पेढ्यांचें वहीचें वर्ष दिवाळीच्या पाडव्याला सुरू होई. सरकारचें वर्ष एप्रिलांत. त्यामुळें पूजा करून उघडलेली वही मधोमध दुभंगली. कार्तिकापासूनचीं पानें आणे-पैंत, चैत्रानंतरचीं रुपये-नव्या पैशांत. पुढें ओढावयाच्या प्रत्येक बाकीपाशीं एकेक अपूर्णांक उभा. खातेदारागणिक पाव-अर्धा पैसा इकडे तिकडे झाला तरी वर्षअखेरीस जमा आणि नांवे यांचा मेळ बसेना, आणि तो बसविण्यासाठीं मुनिमाला पैशाच्या फरकाचें निराळें खातें घालावें लागे.

आतां घरोघरीं जमाखर्च संगणकावर किंवा हातांतल्या फोनवर ठेवला जातो, आणि तेथेंहि दर थोड्या वर्षांनीं हिशेबाच्या आज्ञावलीची नवी आवृत्ति येते. जुन्या वर्षांच्या नोंदी नव्या आवृत्तींत उतरतांना एखादें खातें हरवतें, एखादी रक्कम दोनदां येते, बोटांच्या सवयीच्या कळा निराळेंच काम करूं लागतात. आणि तक्रार केली तर नवी रीत अधिक चांगली आहे, असें उत्तर मिळतें. १९५७ च्या गृहस्थाला हें सारें ओळखीचें वाटलें असतें. एक फरक त्याच्या बाजूचा होता: त्याची जुनी वही कपाटांत होती, आणि मोडी वाचणारा माणूस असेपर्यंत ती उघडली कीं वाचतां येत होती. मोडीहि त्याच सुमारास शाळांतून मागें पडत होती, ही गोष्ट वेगळी.

नाण्यांची घडी बसते न बसते तोंच वजनें बदललीं. १ ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्यानें आला आणि १९६२ पर्यंत शेर, छटाक कायद्यानें गेले. ऐंशीं तोळ्यांचा शेर सुमारें ९३३ ग्रॅमचा. आठ आणे शेराची डाळ आधीं पन्नास नवे पैसे शेर झाली, आणि मग चौपन्न नवे पैसे किलो. भाव वाढला कीं माप वाढलें, कीं दोहोंच्या आडून दुकानदारानें हात मारला, हें ठरविण्याचें साधन गृहिणीपाशीं उरलें नव्हतें. छटाक आणि आणा यांची जोडीच फुटली होती. फ्रान्सनें १९६० सालीं शंभर जुन्या फ्रँकांचा एक नवा फ्रँक केला. तेथें निदान दोन शून्यें पुसून काम भागत होतें, तरीहि लोक पुढें कित्येक वर्षें जुन्या फ्रँकांत बोलत राहिले.

नव्या पिढीला मात्र सुख झालें, हें मान्य केलें पाहिजे. शाळेंतल्या मुलांच्या डोक्यावरून रुपये-आणे-पैंचे गुणाकार-भागाकार उतरले. एकाच रकान्यांत बेरीज होऊं लागली. गिरणीच्या आणि बँकेच्या कारकुनांचे तास वांचले. औटकी प्रथम गेली, मग पाऊणकी, मग सवायकी. पावकी आणि निमकी कांहीं घरांत आजीच्या हौसेनें टिकल्या. १ जून १९६४ रोजीं नव्या पैशाचें नवेपण कायद्यानें संपून तो नुसता पैसा झाला.

चार आणे आणि आठ आणे मात्र गेले नाहींत. पंचवीस आणि पन्नास पैशांच्या नाण्यांना बाजारानें जुन्याच नांवांनीं हांक मारली, आणि आणा कधीं न पाहिलेलीं मुलें बुधवारींत चार आण्यांच्या गोळ्या मागत मोठीं झालीं. पंचवीस पैशांचें नाणें ३० जून २०११ रोजीं चलनांतून बाद झालें. त्यापूर्वीं तें बँकेंत बदलून घेण्याची मुदत देण्यांत आली होती. त्या नाण्यांचे डबे ज्या घरांत राहून गेले, तेथें ते आजहि असतील.